बर्फ आठ वाजेपावेतो

डिसेंबर सरत आला की आमच्या नंदुरबारच्या पेपरांत एक बातमी येते. ती छापून येईपर्यंत थंडी पडली असं आम्ही मानत नाही. मथळा ठरलेला असतो: ‘सातपुड्यात दवबिंदू गोठले’. गावं ठरलेली असतात: डाब, वालंबा, तोरणमाळ. फोटोही ठरलेला असतो. एक तळहात, त्यावर चमचाभर पांढरं काहीतरी, आणि मागे धूसर दिसणारी जीप. तळहात कोणाचा, हे कधी छापत नाहीत. बरीच वर्षं एकच तळहात फिरवला जातोय असा माझा संशय होता. त्याचा उलगडा पुढे झाला.

बातमीत पारा किती उतरला तेही असतं. मैदानातली थंडी कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात रीतसर मोजतात. डोंगरात मात्र जीपचं टप हीच वेधशाळा. टपावर पांढरं दिसलं तर शून्य, पुढच्या काचेवरही दिसलं तर उणे. दुपारी चहाच्या टपरीवर या आकड्यात आणखी एक-दोन अंशांची घट होते आणि रात्रीपर्यंत डाबचा पारा द्रास-कारगिलच्या आसपास जाऊन बसतो. नंदुरबारकराला यात आनंद असतो. जिल्हा कर्कवृत्ताच्या खाली, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो आणि तिथेच मुक्काम करतो. त्यामुळे वर्षातून चार दिवस ‘आमच्याकडे बर्फ’ म्हणता येणं ही साधी गोष्ट नाही.

ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून पुण्याला आमच्या साडूंकडे पोचली, तेव्हा ते स्कीइंगच्या सहलीची जुळवाजुळव करत होते. साडूभाऊ बँकेतून निवृत्त झालेले, गुडघे अजून स्वतःचेच, आणि मुलगा परदेशात. अशा माणसाला स्कीइंग सुचतंच. पण त्यांना नुसतं स्कीइंग नको होतं. ‘बर्फही झाला पाहिजे आणि साइटसीइंगही झालं पाहिजे, आणि जागा अशी पाहिजे की सोसायटीत कोणी गेलेलं नसावं,’ असं त्यांचं म्हणणं. तिसरी अट सगळ्यात कठीण. मनालीला सोसायटी जाऊन आली होती, गुलमर्गला दोनदा. जॉर्जिया आणि कझाकस्तानही ‘बी’ विंगनं बुक केलं होतं.

या कॉम्बिनेशनमागे एक मराठी तत्त्वज्ञान आहे. युरोपातला माणूस स्कीइंगला जातो म्हणजे एका डोंगराला जातो. लिफ्टनं वर, घसरत खाली, पुन्हा लिफ्टनं वर, असं आठवडाभर करतो आणि तृप्त होऊन घरी येतो. आपल्या माणसाला हे झेपत नाही. पायांचं सोडा, हे त्याच्या बुद्धीलाच पटत नाही. ‘आत्ताच तर आलो की खाली! आता परत वर कशाला?’ त्याच्या मते उतार एकदा बघून झाला की तो पॉइंट झाला. विमानाचं तिकीट काढलंय, तर देऊळ, धबधबा, किल्ला, शालींचं दुकान, गरम पाण्याचं कुंड आणि सूर्यास्त हे सगळं त्यात बसलंच पाहिजे. स्कीइंग त्यात चटणीला.

तेही नक्की किती होतं? मनालीहून सोलंगला जाताना रस्त्याच्या कडेला भाड्याच्या कोटांची दुकानं लागतात. दुकानांना नंबर असतात, आणि ड्रायव्हर गाडी नेमक्या त्याच्या ओळखीच्या नंबरापुढे उभी करतो. तिथे मिळतो तो एकसंध सूट. गडद लाल नाही तर भडक निळा, आत आधीच्या पर्यटकाची ऊब अजून शिल्लक. पायात गमबूट, दोन्ही डाव्या पायाचे नसले तर नशीब. हा सूट चढवून गाठी आवळून होईपर्यंत निम्मी हौस फिटते. मग बर्फावर एक स्थानिक पोरगा तुमच्या पायाला पट्ट्या अडकवतो, हाताला धरतो आणि स्वतः पळतो. तुम्ही मागून जाता. याला स्कीइंग म्हणतात. व्यायाम सगळा त्या पोराला होतो, श्रेय सगळं आपल्याला. दहा मिनिटांत आटोपतं, मग फोटो. फोटोत पोरगा येऊ नये म्हणून त्याला बाजूला व्हायला सांगतात. तो बाजूला होतो आणि त्याच क्षणी आपण पडतो.

पडण्याची लाज बाळगायचं मात्र कारण नाही. १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून पहिल्यांदा उतरलेले जेरेमी बुजाकोव्स्की यांनाही डाउनहिल शर्यत पूर्ण करता आली नव्हती. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचा एकच खेळाडू गेला, गुलमर्गकडचा आरिफ खान. जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला आणि स्लालम त्यालाही पुरी करता आली नाही. तो तर बर्फात वाढलेला. आपण वाढलो शेंगदाणा चटणीवर.

आमच्या शहाद्या-नंदुरबारकडून काश्मीर-मनालीला जातात ते अख्खी बस करून. बसबरोबर स्वतःचा महाराज, टपावर गॅसच्या टाक्या, कढई, दादर ज्वारीच्या पिठाची पोती आणि शेवेचे डबे. हिमालयाच्या पायथ्याशी रात्री शेवभाजीला फोडणी बसते आणि खाली रिसेप्शनवरचा माणूस ठसक्यानं बाहेर पळतो. या बसमधल्या बायाबापड्या बर्फाला हात लावतात, एकमेकींना गोळे मारतात, आणि दुसऱ्या दिवसापासून विचारू लागतात, ‘आता काय बघायचं?’ मला हा प्रश्न फार रास्त वाटतो.

तर साडूभाऊंचा फोन आला. ‘काय हो, तुमच्याकडे बर्फ पडतो म्हणे?’

‘पडत नाही, जमतो,’ मी म्हटलं.

‘काही का असेना. स्लोप आहेत का?’

सातपुड्यात स्लोप आहेत का, या प्रश्नाला सभ्य उत्तर देणं अवघड होतं. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर फोन ठेवेपर्यंत माझाही विचार पक्का झाला होता. बघा ना, स्कीइंगच्या सहलीला लागतं काय? डोंगर पाहिजेत, आहेत. थंडी पाहिजे, आहे. घाट पाहिजेत, तोरणमाळचा सात पायरी, मोलगीचा देवगोई, धडगावचा चांदसैली. स्लालम म्हणजे वळणावळणानं वेगात खाली येणं असेल, तर आमच्या एसटीचे चालक ती रोज दोन वेळा करतात, तेही पन्नास-साठ माणसं आणि टपावर कोंबड्यांच्या पाट्या घेऊन. घोडे, गरम पाणी, जत्रा, बाजार, दुर्मीळ देवस्थान, सगळं आहे. फक्त बर्फ तेवढा कमी. एका घटकासाठी अख्खं ठिकाण बाद करायचं हे मला पटेना. शिवाय २०२४ च्या जानेवारीत पहिले काही आठवडे खुद्द गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं. पर्यटक पिवळ्या गवतावर उभे राहून गोंडोलाचे फोटो काढत होते. त्या आठवड्यांत गुलमर्गात आणि नंदुरबारात सारखाच बर्फ होता, आणि आमच्याकडे निदान पपई होती.

गुलमर्गशी आमचं आणखी एक नातं आहे. तिथल्या गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. त्याच वर्षी १ जुलैला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. दोघांचं वय एक. गुलमर्गवाले अफरवट डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत माणसं पोचवतात. आमच्या तोरणमाळची उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, पण राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण, असं आम्ही शाळेपासून पाठ केलंय. पहिला नंबर महाबळेश्वरचा. दुसऱ्या नंबरावर आम्ही खूश आहोत, कारण गर्दी सगळी पहिल्या नंबराकडे जाते.

आता इथे खरोखरचा हिमवर्षाव का होत नाही, हे साडूभाऊंना समजावून सांगावं लागलं. बर्फ आकाशातून पडायला एकाच वेळी ढग आणि थंडी लागते. आमच्याकडे ढग येतात ते पावसाळ्यात, तेव्हा थंडी नसते. थंडी येते ती निरभ्र आकाश घेऊन, तेव्हा ढग नसतात. तालुक्याच्या कचेरीत सही करणारे साहेब आणि शिक्का मारणारे भाऊसाहेब जसे एका दिवशी कधी हजर नसतात, तसं हे. मग जमिनीलाच स्वतःची सोय करावी लागते. वारा पडलेल्या, तारे लखलखणाऱ्या रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते. गवताचं पातं, कौल, जीपचा पत्रा भोवतीच्या हवेहूनही गार पडतात, आणि हवेतलं बाष्प त्यांच्यावर येऊन सरळ गोठून बसतं. गंमत अशी की हे सगळ्यात उंच शिखरावर होत नाही. गार हवा जड असते. ती रात्रभर डोंगराच्या अंगावरून घसरत घसरत खाली खोलगट जागी, मोकळ्या शेतांत उतरून साचते. म्हणजे सातपुड्यात अस्सल स्कीइंग रोज रात्री होतंच. ते हवा करते, आणि कोटासाठी भाडं भरत नाही.

‘मग मशीन का नाही लावत?’ साडूभाऊंनी विचारलं. प्रश्न अगदीच वेडा नव्हता. बीजिंगच्या ऑलिंपिकसाठी चीननं जवळजवळ सगळा बर्फ यंत्रानंच तयार केला होता. त्याला लागतं भरपूर पाणी, शून्याखालची हवा आणि अखंड वीज. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइन बऱ्याचदा रात्रीच येते, त्यामुळे वेळ अगदी जुळते. पण त्या वेळी शेतकरी हरभऱ्याला पाणी देत असतो, आणि हरभऱ्याचं पाणी तोडून उतार पांढरा करायची कल्पना धडगावात मांडायची कोणी, हा प्रश्न उरतोच.

साडूभाऊ रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावर स्कीइंगचा गॉगल होता. हातात जाडजूड मोजे, अंगात शेंदरी जाकीट. बसस्टँडवरचे रिक्षावाले त्यांना आधी विहिरीत उतरणारा पाणबुड्या समजले.

डाबला पोचायचं तर पहाटे तीनला निघावं लागतं. अक्कलकुव्यापर्यंत रस्ता आपला, मग देवगोई घाट सुरू होतो आणि रस्ता ड्रायव्हरचा होतो. आमचा ड्रायव्हर तिकडचाच, पावरा पोरगा, बोलण्यात काटकसरी. साडूभाऊंनी दोनदा विचारलं, ‘स्लोप कुठून सुरू होतो?’ तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, ‘सगळा स्लोपच आहे साहेब. सपाट कुठे आहे ते विचारा.’

या भागात बदली झाली की मैदानातल्या मास्तरांच्या घरी सुतकी वातावरण पसरतं. सरकार त्यांना एकस्तर वेतनश्रेणी देऊन समजूत घालतं, तरी ते पहिल्या दिवसापासून परतीचे अर्ज करतात. त्याच ठिकाणी पुण्याचा माणूस झोपमोड करून, गॉगल विकत घेऊन, जीपचे पैसे देऊन निघाला होता. ड्रायव्हरला याचं फार नवल वाटत होतं, पण त्यानं ते भाड्यात दाखवलं नाही.

उजाडता उजाडता पोचलो. आणि खरंच होतं. गवतावर आधी धूर पसरलाय असं वाटलं. वाकून बघितलं तर हरभऱ्याच्या पानाच्या कडेकडेनं बारीक पांढऱ्या सुया उभ्या होत्या, प्रत्येक दातऱ्यावर एकेक. पानाच्या मधोमध काही नाही, कडेलाच. बोट लावलं की सुई मोडायची आणि बोटावर नुसता ओलावा राहायचा. चाऱ्याच्या गंजीचा वरचा थर पांढरा, आतला पिवळा. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या एका जीपची पुढची काच पार झाकून गेली होती, आणि तिचा मालक प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या लायसन्सनं ती खरवडत होता. लायसन्सचा उपयोग होताना मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या खरवडलेल्या बर्फासाठी पोरं स्टीलची वाटी घेऊन उभी होती. त्यातला एक, पायात काही नाही, अंगावर मोठ्या भावाचा स्वेटर, आमच्याकडे बघून पुढे आला. त्यानं वाटीतला बर्फ तळहातावर घेतला, हात छातीच्या उंचीला आणला, किंचित तिरपा केला आणि जीप मागे येईल असा उभा राहिला. ‘फोटो काढा,’ म्हणाला. आम्ही काढला. मग तो हात अंगावर पुसून पुढच्या गाडीकडे गेला. मागून आलेल्या गाडीत एका यूट्यूबवाल्यानं त्याला विचारलं, ‘थंडी वाजत नाही का?’ पोरगा म्हणाला, ‘वाजते ना.’ यूट्यूबवाल्याला याहून मोठं उत्तर हवं होतं.

शेकोटीभोवती गावातली माणसं बसली होती. त्यांनी जागा करून दिली. साडूभाऊंनी मोजे काढले आणि हात शेकले. अंगात एवढं कपड्यांचं दुकान असून सगळ्यात जास्त तेच कुडकुडत होते. एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांच्या गॉगलकडे बोट करून विचारलं, वेल्डिंगचं काम करता का. मी नाही म्हटलं. ते बर्फ बघायला आलेत, असं सांगितल्यावर बाबांनी एकदा शेताकडे बघितलं, एकदा साडूभाऊंकडे, आणि शेकोटीत आणखी एक ओंडका सारला. या पांढऱ्यानं त्यांचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. खाली शहाद्या-तळोद्याच्या मैदानात थंडी अशी वाढली की केळी-पपई हाय खातात. इथे वर डाबच्या बाजूला मात्र शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी लावून थंडीला कामाला लावलंय. रस्त्याच्या कडेला बसून विकतात. साडूभाऊंनी महाबळेश्वरहून ती वेगळी आहे का, हे तपासायला भरपूर खाल्ली आणि निर्णय राखून ठेवला.

राहता राहिलं स्कीइंग. बर्फ तर पोटरीभर सोडा, नखभर नव्हता. पण पोरांनी साडूभाऊंची अडचण ओळखली. युरियाचं रिकामं पोतं आलं. हिवाळ्यात वाळलेलं डोंगरगवत फार निसरडं असतं, त्यात दव. पोतं टाकायचं, वर बसायचं, पुढची दोन टोकं मुठीत धरायची आणि पाय उचलायचे. पहिलं पोरगं सुर्रकन खाली गेलं. दुसरं उलटं बसून गेलं. १९६० च्या दशकात जर्मन लोकांनी गवतावर स्कीइंगचा रीतसर खेळ काढला, त्याच्या स्पर्धा होतात, नियमांची पुस्तकं निघाली. सातपुड्यात नियम एकच आहे: खाली दगड आहे, त्याच्या डावीकडून.

साडूभाऊंना तो नियम कोणीतरी सांगितला असता तर बरं झालं असतं. ते बसले झोकात. गॉगल डोळ्यांवर ओढला, त्यामुळे तो दगडही गुलाबी दिसला असणार. थांबले ते तिरपे, पोतं वर आणि ते खाली. शेंदरी जाकिटाला सगळीकडून कुसळं टोचलेली. क्षणभर शांतता पसरली आणि मग अख्खं डाब हसलं. त्यात साडूभाऊही होते. हात धरून पळणारं कोणी नव्हतं, कोणी बाजूलाही झालं नव्हतं. पडले ते स्वतःच्या कर्तृत्वानं.

एवढ्यात डोंगरावरून ऊन उतरलं. शेताच्या एका कडेपासून पांढरं पुसलं जात जात आमच्या पायांपर्यंत आलं. हरभरा हिरवा झाला, गंज पिवळी झाली, जीपचं टप निथळू लागलं. ड्रायव्हर म्हणाला, ‘बर्फ आठ वाजेपावेतो असतो. आता संपला.’ मला ही व्यवस्था फार आवडली. गुलमर्गला बर्फ दिवसभर तिथेच पडून असल्यामुळे साइटसीइंगला वेळ काढावा लागतो. आमच्याकडे आठनंतर दुसरा इलाजच नाही.

साडूभाऊंची कंबर धरली होती. आमच्या या मुलखात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीला, हजारो माणसं रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन ते चढतात. तिथे अश्वत्थामा राहतो अशी श्रद्धा आहे. कपाळावरचा मणी काढून घेतल्याची जखम अजून भरलेली नाही, म्हणून तो डोंगरात फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो. मी ही कथा रंगवून सांगत होतो तोवर मोलगी आलं, आणि मोलगीच्या बाजारात साडूभाऊ दुकानादुकानात तेल मागत फिरू लागले. दोघा-तिघांनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं.

मोलगीत घ्यायचा तो आमचूर आणि भगर. आमचुराचा हंगाम उन्हाळ्यात. डोंगरी आंब्यांच्या कैऱ्या सोलून, फोडी करून खडकांवर, अंगणांत, जिथे ऊन लागेल तिथे पसरतात. सातपुड्यात जमीन खरी पांढरी होते ती तेव्हा. भर मे महिन्यात, उन्हाच्या रखरखाटात, पांढऱ्या उतारांवर बाया कैऱ्या उलथत बसलेल्या असतात. हे बघायला मात्र कोणी गॉगल घालून येत नाही. खाली नंदुरबार शहराभोवती याच हिवाळी महिन्यांत दुसरा रंग चढतो. एकरच्या एकर जमिनीवर मिरच्यांच्या पथाऱ्या, लालभडक, वारा फिरला की अर्धं शहर शिंकतं. देशातल्या मिरचीच्या मोठ्या बाजारपेठांत आमचं नाव आहे. अवकाळी पावसाचा एक ढग दिसला की व्यापाऱ्यांची जी पळापळ होते, ती कोणत्याही हिवाळी खेळापेक्षा वेगवान असते.

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी साडूभाऊंनी पाण्यात बोट बुडवून तो गोठतो का ते पाहिलं. नाही गोठत. सीताखाईच्या कड्यावरून त्यांनी खाली डोकावलं आणि स्कीइंगचा विषय स्वतःहून बंद केला. गोरक्षनाथाचं देऊळ झालं, मच्छिंद्रनाथांची गुंफा झाली. सात पायरीच्या घाटात समोरून आलेल्या एसटीनं आम्हाला मागे घ्यायला लावलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. गॉगलमुळे ते कळलं नाही, ओठ हलत होते त्यावरून कळलं. खाली शहादा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, उनपदेवला गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं. आल्प्समध्ये दिवसभर स्की करून लोक संध्याकाळी गरम पाण्याच्या हौदात बसतात आणि त्याचे वेगळे पैसे मोजतात. साडूभाऊ तासभर गोमुखाखाली कंबर धरून उभे राहिले. मागे आंघोळीची रांग लागली होती. एकानं विचारलं, ‘भाऊ, नवस शे का?’

प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर केदारेश्वराचं दर्शन घेतलं. काशीला जाऊन आलेल्यानं इथे उत्तरपूजा केली नाही तर यात्रा पुरी होत नाही असं मानतात. साडूभाऊ काशीला जाऊन आले होते, म्हणजे त्यांची जुनी एक सहलही इथेच पूर्ण झाली. एवढं कॉम्बिनेशन स्वित्झर्लंडला कोण देतो?

शेवटचा मुक्काम सारंगखेड्याचा. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठी घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे, पांढरेफेक नुकरे, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, मानेखालचा देवमण बघतं, रेवाल चालीवर पाठीवरचं पाणी सांडतं का ते बघतं, आणि न घेता निघून जातं. दरवर्षी एखाद्या घोड्याला कोटींची मागणी आल्याचं पेपरात येतं आणि मालकानं तो विकला नाही हेही येतं. एका बाजूला ढोलकीवर घोडा बाजेवर चढून नाचत होता. साडूभाऊ तिकडे बघत राहिले आणि एकदम मला म्हणाले, ‘अहो, घोडा आणि स्की एकत्र असतात, माहितीये?’

हे त्यांनी खरंच कुठेतरी वाचलं होतं. स्कीजोरिंग म्हणतात त्याला. पायात स्की बांधायच्या, हातात घोड्याचे लगाम घ्यायचे, घोड्यावर स्वार नसतो. १९२८ साली सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये गोठलेल्या तळ्यावर त्याचं प्रात्यक्षिक झालं होतं. साडूभाऊंनी हे सगळं एका घोडेवाल्याला समजावून सांगितलं. आडगावचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात काळ्या घोडीचा दोर. त्यानं मन लावून ऐकलं.

‘तुमनं वजन कितलं शे?’ त्यानं विचारलं.

साडूभाऊंनी सांगितलं, थोडं कमी करून.

‘घोडी वढी लई,’ तो म्हणाला. ‘पन तुम्ही टिकशात का?’

मग त्यानं घोडीची किंमत सांगितली. ती ऐकून साडूभाऊ दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, एवढ्या पैशांत तर आम्ही सगळं खानदान घेऊन गुलमर्गला जाऊन येऊ.

घोडेवाला मागच्या साली शहाद्याच्या बसनं काश्मीर करून आला होता. त्यानं दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

‘जा ना भो,’ तो म्हणाला. ‘पन तठे बी तुमले घोडावरच बसाडतीन.’